अजिंठ्याची सहल आणि अमृता शेरगिल

नववीतली आपली अजिंठ्याची सहल आठवते? परत आल्यावर मी शाळेच्या वार्षिक अंकात तिच्यावर निबंध लिहिला होता. नयनरम्य, अवर्णनीय, डोळ्यांचे पारणे फिटले, सगळं त्यात होतं. कौतुकही झालं. फक्त चित्रकलेच्या सरांनी विचारलं, की यात अजिंठा कुठे आहे? मला राग आला. सरांनी कपाटातून एक पुस्तक काढलं आणि अमृता शेरगिलची गोष्ट सांगितली.

अमृताचा जन्म १९१३ साली बुडापेस्टचा. वडील शीख, आई हंगेरियन. बालपणाची काही वर्षं सिमल्यात गेली. १९२९ मध्ये ती चित्रकला शिकायला पॅरिसला गेली. तिथे तिचा हात युरोपीय पद्धतीवर उत्तम बसला. १९३२ मध्ये काढलेल्या दोन तरुणींच्या चित्राने तिला मोठा मान मिळवून दिला. तेव्हा ती विशीतली. तेच काढत राहिली असती तरी नाव झालंच असतं.

पण १९३४ च्या अखेरीस ती भारतात परतली आणि जमलेली पद्धत तिने हळूहळू सोडून दिली. १९३५ मधलं तिचं तीन मुलींचं चित्र बघा. मागे घर नाही, झाड नाही, देखावा नाही. मुलींच्या नजरा खाली. त्या कशाची वाट बघताहेत हे चित्र सांगत नाही, तरी आपल्याला कळतं. याच चित्राला १९३७ साली बॉम्बे आर्ट सोसायटीचं सुवर्णपदक मिळालं.

त्याआधी, १९३६ च्या अखेरीस, मुंबईतल्या प्रदर्शनानंतर ती अजिंठ्याला गेली होती. आपण पाहिली तीच लेणी. पण तिने त्यांची नक्कल केली नाही. पुढे दक्षिणेत फिरून आल्यावर तिने ब्रह्मचाऱ्यांचं चित्र काढलं. त्यातली साधी मांडणी, तांबूस रंग आणि पांढरी धोतरं पाहिली, की अजिंठ्याने तिला काय दिलं ते दिसतं. १९४१ च्या डिसेंबरात लाहोरला ती गेली. वय अवघं २८. शेवटचं चित्र अपुरंच राहिलं.

त्या दिवशी मला एवढंच समजलं, की आपल्याला छान जमतं तेच कधीकधी आड येतं. लिहिताना काय घालायचं याइतकंच काय गाळायचं हेही ठरवावं लागतं. निबंध लिहिणाऱ्या मुलांना आपण हे क्वचितच सांगतो.

सर आता नाहीत. स्मरणिकेसाठी त्यांच्यावर लिहायला बसलो, तर पहिल्या पानावर पुन्हा थोर, ऋषितुल्य, अजातशत्रू असेच शब्द उतरले. त्यात सर कुठेच नव्हते. ते पान मी फाडलं. सरांनी ते पुस्तक उघडलं तेव्हा त्यांच्या बोटांना खडूची पूड होती, आणि पानाला डाग पडू नये म्हणून त्यांनी आधी हात सदऱ्याला पुसले होते. तेवढं मात्र नक्की आठवतं.