मलिक अंबर आणि जमिनीखालचा फिल्टर

देवगाव रंगारीहून छत्रपती संभाजीनगरला यायचं म्हटलं की कसाबखेडा, वेरूळ, खुलताबाद, दौलताबाद अशी नावं ओळीने लागतात. रोज अप-डाऊन करणाऱ्यांना ती झोपेतही पाठ असतात. खुलताबादला लोक भद्रा मारुतीसाठी उतरतात. तिथेच एक घुमटवाली कबर आहे, तिच्याकडे फारसं कुणी वळत नाही. ज्या शहरात आपण शिकायला जातो, ते १६१० मध्ये वसवणारा माणूस तिथे झोपलाय. मलिक अंबर. इतिहासाच्या पेपरात त्याच्यावर दोन मार्कांची टीप येते आणि ती बहुतेक वेळा लढायांवरच संपते. पाण्याचं राहूनच जातं.

त्याचा जन्म १५४८ च्या सुमाराचा, इथिओपियातला. मूळ नाव चापू. लहानपणीच गुलाम म्हणून विकला गेला. एकदा नाही, अनेकदा. मोखा, बगदाद असा हातोहात फिरत राहिला. बगदादच्या एका मालकाने त्याला लिहायला-वाचायला आणि हिशेब ठेवायला शिकवलं, अंबर हे नावही त्यानेच दिलं. पुढे तो दख्खनमध्ये आला आणि अहमदनगरच्या निजामशाहीचा पेशवा चंगीजखान याने त्याला विकत घेतलं. गंमत म्हणजे हा चंगीजखान स्वतः एकेकाळचा हबशी गुलाम! तो वारल्यावर त्याच्या पत्नीने अंबरला मुक्त केलं. मग काही वर्षं विजापूरकडे नोकरी, मलिक हा किताब, आणि दीडशेच्या आसपास घोडेस्वार घेऊन पुन्हा निजामशाहीत.

१६०० मध्ये मुघलांनी अहमदनगरचा किल्ला घेतला. राज्य संपलं असंच सगळ्यांना वाटलं. अंबरने परांड्याला नवा निजामशहा गादीवर बसवला आणि कारभार स्वतःच्या हातात घेतला. मालोजीराजे भोसले, शहाजीराजे असे मराठा सरदार सोबत घेऊन त्याने मुघलांना इतकं छळलं की बादशहा जहांगीरने अंबरच्या कापलेल्या मुंडक्यावर आपण बाण मारतोय, असं चित्रच काढून घेतलं. प्रत्यक्षात ते मुंडकं त्याला कधी मिळालं नाही. १६२४ च्या भातवडीच्या लढाईत तर अंबरने तलावाचा बांध फोडून शत्रूच्या छावणीत चिखल करून टाकला. पाण्याचं डोकं त्याला होतंच.

पण हे डोकं खरं दिसतं ते खडकीत. खडकी म्हणजे आजचं शहर. नावाप्रमाणेच सगळा खडक. खाम नदी बारमाही भरवशाची नाही, आणि राजधानी म्हटल्यावर लोक, घोडे, हत्ती, बागा, सगळ्यांनाच पाणी हवं. त्यात १६१६ मध्ये मुघलांनी खडकी जाळली. एखाद्याने गाव सोडून दिलं असतं. अंबरने १६१७ च्या सुमारास तिथेच नहर खोदायला घेतली. नहर-ए-अंबरी.

ही नहर म्हणजे उघडा कालवा नव्हे. शहराच्या उत्तरेला हर्सूलकडच्या डोंगरांत पडणारा पाऊस मातीत आणि मुरुमात झिरपतो. त्या झिरप्याच्या पातळीवर जमिनीखाली बोगदा खणायचा, त्याला अगदी हलका उतार द्यायचा, आणि पाणी आपोआप त्यात पाझरू द्यायचं. पंप नाही, मोट नाही. हवा खेळावी आणि माणसाला आत उतरून गाळ काढता यावा म्हणून ठरावीक अंतरावर विहिरीसारखी तोंडं. पुढे गावात खापराच्या नळांमधून हौदांपर्यंत पाणी. इराण-इराककडे अशा भुयारी नहरींची परंपरा फार जुनी आहे. बगदादच्या दिवसांत त्याच्या डोक्यात हे बसलं असावं, असा माझा आपला अंदाज.

आता यात फिल्टर कुठे आहे? तर तो डोंगरच फिल्टर आहे. शाळेत आपण बाटली कापून त्यात गोटे, खडी, वाळू भरून गढूळ पाणी ओतायचो, आठवतंय? खालून स्वच्छ पाणी यायचं आणि बाई टाळ्या वाजवायला लावायच्या. त्यात एक गोष्ट बहुतेक सांगितली जात नाही. वाळूच्या दोन कणांमधली फट जंतूपेक्षा कितीतरी पट मोठी असते. म्हणजे नुसत्या चाळणीने गाळ अडेल, जंतू अडणार नाही. तो अडतो दुसऱ्याच कारणाने. पाणी अगदी सावकाश, तासाला १० ते ३० सेंटीमीटर या वेगाने वाळूतून उतरत राहिलं, तर काही दिवसांत वरच्या थरावर सूक्ष्मजीवांची एक चिकट साय धरते. बाहेरून आलेले जंतू तिला आणि कणांना चिकटतात आणि तिथले जीव त्यांना खाऊन टाकतात. घाई केली की सगळं फिसकटतं. मातीतून झिरपणाऱ्या पाण्याचंही थोडंफार असंच होतं. शिवाय बोगद्यात ऊन नाही, म्हणून शेवाळ नाही आणि बाष्पीभवनही नगण्य.

युरोपात लंडनच्या चेल्सी वॉटरवर्क्सने थेम्सचं पाणी वाळूतून गाळायला सुरुवात केली ती १८२९ मध्ये. त्याचं महत्त्व जगाला पटलं १८९२ मध्ये. जर्मनीत एल्बे नदीवर हॅम्बुर्ग आणि आल्टोना ही खेटून वसलेली शहरं. हॅम्बुर्ग नदीचं पाणी न गाळता प्यायचं, आल्टोना वाळूतून गाळून. कॉलरा आला आणि हॅम्बुर्गमध्ये साडेआठ हजारांवर माणसं गेली. आल्टोना बरंचसं वाचलं, तेही हॅम्बुर्गच्या खालच्या अंगाला असून.

मात्र डोंगराच्या फिल्टरलाही मर्यादा आहेत, आणि त्या आपल्याला जास्त लागू आहेत. आपल्याकडे बेसॉल्ट. त्याच्या भेगांतून पाणी न गाळताच सरळ खाली जातं. वरती शोषखड्डा किंवा गटार असेल तर तेही जातं. विरघळलेले क्षार, नायट्रेट, फ्लोराइड वाळूला अडवता येत नाहीत. म्हणूनच बोअरचं पाणी दिसायला काचेसारखं असलं तरी ते तपासल्याशिवाय पिणेबल धरू नये, आणि शंका आली तर उकळावं. उकळून जंतू मरतात, क्षार तसेच राहतात. अंबरच्या काळात नहरीच्या डोक्यावर वस्ती नव्हती. आज अनेक ठिकाणी घरं, रस्ते आणि बोअर आहेत. पाऊस मुरायला जागा कमी आणि घाण मुरायला जास्त, असा उलटा हिशेब झालाय.

मलिक अंबर मे १६२६ मध्ये वारला, वय ऐंशीच्या घरात. त्याचा मुलगा फतेहखान याने खडकीचं फतेहनगर केलं, मग औरंगजेबाने औरंगाबाद. नावं बदलत गेली तरी नहर पुढची कैक वर्षं चालू होती. नंतरच्या काळात तिच्या जोडीला आणखी नहरी आल्या. आता शहराचं पाणी पैठणच्या नाथसागरातून पंपाने वर चढवून आणतात.

पाणचक्कीवर सेल्फी काढताना भिंतीवरून हौदात पडणारं पाणी दिसतं, ती नहर अंबरची नाही, त्याच्या शंभरेक वर्षांनंतरची आहे. पण डोंगरात झिरपलेलं पाणी उताराने आणायचं हे तंत्र तेच. त्याने स्वतः उभारलेलं काही बघायचं असेल तर १६१२ चा भडकल दरवाजा आहे. कॉलेज सुटल्यावर शेअर रिक्षाने सहज होतं.