रोमची वाट आणि मठाचें दार : बाळ येशूच्या संत तेरेजेचें किशोरपण

ज्युबिलीचें वर्ष म्हणजे कृपेचें वर्ष. अशा वर्षीं भाविकजन परमेश्वराचे उपकार आठवितात, पवित्र स्थळांची यात्रा करितात आणि मनांतील जुनें मागणें नव्या विश्वासानें त्याच्या चरणीं ठेवितात. १८८७ सालीं परमपूज्य पोप तेरावे लिओ यांच्या गुरुदीक्षेस पन्नास वर्षें पुरीं होत होतीं. त्या सोहळ्यानिमित्त फ्रान्स देशांतून जे यात्रेकरू रोमास निघाले, त्यांत चौदा वर्षांची एक मुलगी होती. तिच्या मनांत एकच मागणें होतें. तें तिनें प्रत्यक्ष पोपांच्या पायांशीं गुडघे टेकून मागितलें. परंतु तिला हवें होतें तें उत्तर त्या दिवशीं मिळालें नाहीं. पुढें सर्व जग जिला बाळ येशूची संत तेरेजा म्हणून ओळखूं लागलें, तिच्या किशोरवयाची ही हकीकत आमच्या तरुण मुलामुलींनीं व त्यांच्या आईबापांनीं मन लावून वाचावी अशी आहे.

तेरेजेचा जन्म नॉर्मंडी प्रांतांतील आलांसों गांवीं २ जानेवारी १८७३ रोजीं झाला. वडील लुई मार्तें हे घड्याळजी. आई झेली ही त्या गांवच्या प्रसिद्ध लेसचा धंदा करी. नऊ अपत्यांपैकीं चार लहानपणींच देवाघरीं गेलीं. पांच मुली राहिल्या, त्यांत तेरेजा शेंडेफळ. तिला पुरीं पांच वर्षेंही झालीं नव्हतीं तोंच, २८ ऑगस्ट १८७७ रोजीं, आई कर्करोगानें वारली. लिझियू येथें मुलींचे मामा औषधांचें दुकान चालवीत असत. त्यांचा आधार मिळावा म्हणून वडिलांनीं बिऱ्हाड तेथें हलविलें. थोरली बहीण पोलीन हिला तेरेजेनें आई मानलें. पण १८८२ सालीं पोलीन कार्मेल मठांत गेली आणि त्या मुलीनें दुसऱ्यांदा आई गमावली.

संत जन्मतःच संत असतात असा कित्येकांचा समज असतो. तेरेजेकडे पाहिलें म्हणजे तो दूर होतो. ती बुद्धिमान होती. धर्मशिक्षणांत तिचा हात धरणारें कोणी नव्हतें. परंतु गणित तिला जमत नसे व शुद्धलेखनांत चुका होत. शाळेंत खेळणाऱ्या मुलींत ती रमत नसे. वडिलांबरोबर रोज फिरावयास जावें, वाटेंत एखाद्या मंदिरांत शिरून पवित्र साक्रामेंतापुढें गुडघे टेकावे, हा तिचा मोठा आनंद. घरांत ती सर्वांची लाडकी. कामाची तिला संवय नव्हती. कधीं मनांत आणून तिनें आपलें अंथरूण आवरलें आणि सेलीन या बहिणीनें त्याबद्दल नवल केलें नाहीं, कीं हिच्या डोळ्यांत पाणी आलेंच. मग आपण रडलों म्हणून ती पुन्हां रडे. बाराव्या वर्षापासून तर आपल्या हातून पाप घडलें कीं काय या शंकेनें तिला ग्रासलें. शेवटीं तिला शाळेंतून काढून घरीं शिकवावें लागलें.

१८८६ च्या नाताळच्या रात्रीं तिच्या स्वभावास वळण लागलें. मध्यरात्रीच्या मिस्सेहून मंडळी घरीं आली. त्या देशाच्या रिवाजाप्रमाणें लहान मुलांसाठीं शेगडीजवळ जोड्यांत भेटवस्तु ठेवीत. तेरेजेसाठीं त्या अजून ठेविल्या जात. थकलेले वडील सहज बोलून गेले कीं, बरें झालें, यंदाचें हें शेवटचेंच वर्ष. जिन्यावरून तिनें तें ऐकलें. एरवीं ती रात्रभर रडली असती. त्या रात्रीं तिनें डोळे पुसले, खालीं आली आणि हंसत हंसत एक एक भेटवस्तु बाहेर काढून वडिलांस दाखवूं लागली. बाहेरून पाहणाऱ्यास यांत कांहींच दिसलें नसतें. पण आपल्या बालपणाचा त्या रात्रीं शेवट झाला व ख्रिस्ताची प्रीति अंतःकरणांत शिरली, असें ती पुढें जन्मभर मानीत आली.

त्यानंतर तिचें लक्ष स्वतःवरून उठून दुसऱ्यांकडे वळलें. १८८७ च्या उन्हाळ्यांत प्रांझिनी नांवाच्या इसमास पॅरिस येथें तिघांच्या खुनाबद्दल देहान्त शिक्षा झाली. तो पश्चात्ताप करीत नव्हता. तेरेजेनें त्याला आपलें पहिलें लेंकरूं मानलें, त्याच्यासाठीं प्रार्थना केली, मिस्सा करविली. ३१ ऑगस्ट रोजीं त्याचा शिरच्छेद झाला. शेवटच्या क्षणीं त्यानें क्रुसाचें तीनदां चुंबन घेतलें, हें दुसऱ्या दिवशीं वर्तमानपत्रांत वाचून तिला अश्रू आवरेनात.

आत्म्यांसाठीं प्रार्थना करण्यास मठांत जावें हा तिचा निश्चय झालाच होता. पेंटेकॉस्टच्या सणीं संध्याकाळीं तिनें बागेंत वडिलांजवळ तो बोलून दाखविला. दोन मुली मठांत देऊन बसलेल्या त्या वृद्धानें डोळे पुसले व होकार दिला. भिंतीवरचें एक लहानसें पांढरें फूल मुळासकट उपटून तिच्या हातीं ठेविलें. मामांनीं आधीं नाहीं म्हटलें, मग मान्यता दिली. परंतु मठावर देखरेख करणारे धर्मगुरु ऐकेनात. एकवीस वर्षें होईपर्यंत नांव काढूं नये, असें त्यांचें मत. तेव्हां ३१ ऑक्टोबर रोजीं, वय जास्त दिसावें म्हणून केसांचा अंबाडा घालून, ती वडिलांसह बायो येथील बिशपांस भेटली. त्यांनीं प्रेमानें ऐकून घेतलें, पण निर्णय लांबणीवर टाकला. आतां उरले एक पोप.

४ नोव्हेंबर रोजीं वडील, सेलीन व तेरेजा यांनीं लिझियू सोडलें. पॅरिसहून आगगाडी स्वित्झर्लंडच्या डोंगरांतून चालली. हिमाच्छादित शिखरें, खोल दऱ्या व सरोवरें पाहून तेरेजेच्या मनांत आलें कीं, मठांत आपणांस आकाशाचा एक तुकडाच दिसेल. तेव्हां ईश्वराचें हें ऐश्वर्य आठवावें म्हणजे आपलीं लहानसहान दुःखें मोठीं वाटणार नाहींत. मिलान, व्हेनिस, पादुआ, बोलोन्या अशीं नगरें झालीं. लोरेतो येथें पवित्र कुटुंबाच्या घरांतच दोघीं बहिणींस ख्रिस्तप्रसाद मिळाला. रोममध्यें कोलोसियमच्या खालच्या भूमीपर्यंत जाण्यास मनाई असतां, त्या दोघी कठड्यापलीकडे उतरून हुतात्म्यांच्या रक्तानें पावन झालेल्या मातीचें चुंबन घेऊन आल्या. यात्रेंत बडे बडे किताब मिरविणारे पुष्कळ होते. ते किताब धुराप्रमाणें विरून जाणारे आहेत, असें तिला दिसलें. कित्येक धर्मगुरुही बरोबर होते. त्यांच्या सहवासांत तिला कळलें कीं, इतका थोर अधिकार लाभलेले हे पुरुषही दुर्बळ माणसेंच आहेत, त्यांना आपल्या प्रार्थनेची गरज आहे. तिच्या पुढील आयुष्याचें काम त्या प्रवासांत ठरलें.

२० नोव्हेंबर, रविवार. पोपांचें दर्शन घ्यावयाचें, पण बोलावयाचें नाहीं, अशी ताकीद बिशपांचे प्रतिनिधि रेव्हेरोनी यांनीं दिलेली. तेरेजा कचरली; सेलीननें तिला धीर दिला. तिनें गुडघे टेकले आणि आपल्या ज्युबिलीनिमित्त मला पंधराव्या वर्षीं कार्मेलांत जाऊं द्यावें, अशी विनंति केली. वरिष्ठ सांगतील तसें करावें, असें पोप म्हणाले. तिनें त्यांच्या गुडघ्यांवर हात ठेवून पुन्हां विनविलें. देवाची इच्छा असेल तर तूं जाशील, एवढेंच उत्तर आलें. पहारेकऱ्यांनीं तिला उचलून बाजूस केलें, आणि ती रडत बाहेर आली.

इतका लांबचा प्रवास व्यर्थ गेला, असें कोणासही वाटलें असतें. तिलाही दुःख झालेंच. पण तिनें देवाशीं भांडण केलें नाहीं. बाळ येशूनें खेळण्याचा चेंडू बाजूला टाकावा तसें आपलें झालें, असें तिनें स्वतःस समजाविलें. असीसी, फ्लॉरेन्स, पिसा, जिनोआ पाहून २ डिसेंबरला ती घरीं परतली. नववर्षदिनीं बातमी आली : बिशपांनीं परवानगी दिली आहे, मात्र मठाधिकारिणीच्या इच्छेप्रमाणें प्रायश्चित्तकाळ संपेपर्यंत थांबावें. ते तीन महिने तिनें वायां घालविले नाहींत. ओठांवर आलेलें उलट उत्तर गिळावें, कोणास न कळतां एखादें काम करून ठेवावें, असा तिचा अभ्यास चालला.

९ एप्रिल १८८८ रोजीं मठाचें दार उघडलें. आंत कोणी तिचे लाड केले नाहींत. झाडलोट, कपडे, बागेंतील निंदणी, थंडीनें कुडकुडत काढलेल्या रात्री. पुढच्याच वर्षीं वडिलांचें मन भ्रमिष्ट होऊन त्यांना कां शहरीं वेड्यांच्या इस्पितळांत ठेवावें लागलें. लोकांनीं नाहीं नाहीं तें म्हटलें. ज्यांनीं तें पांढरें फूल तिच्या हातीं दिलें, त्यांच्या सेवेला तिला जातां आलें नाहीं. हा तिचा सर्वांत जड क्रूस. तरी रोजच्या कामांत खंड नाहीं. एका आजारी, किरकिऱ्या वृद्ध भगिनीस संध्याकाळीं जेवणघरांत हात धरून न्यावें लागे. तिचें कशानेंही समाधान होत नसे. तेरेजा तिची भाकर कापून देई आणि निघतांना तिच्याकडे पाहून गोड हंसे. नाताळच्या रात्रीं जिन्यावर जें ती शिकली, तेंच येथें रोज चाललें होतें.

३० सप्टेंबर १८९७ रोजीं क्षयानें, वयाच्या चोविसाव्या वर्षीं, ती देवाघरीं गेली. १९२५ सालीं तिला संतपद मिळालें; १४ डिसेंबर १९२७ रोजीं अकराव्या पायस पोपांनीं तिला संत फ्रान्सिस झेवियर यांच्या बरोबरीनें मिशनकार्याची आश्रयदात्री ठरविलें; १९९७ सालीं ती ख्रिस्तसभेची धर्मपंडिता झाली. ज्यांच्या पवित्र देहाच्या दर्शनास आपण जुन्या गोव्यास जातों, त्या संतानें अर्धी पृथ्वी पायांखालीं घातली; आणि ही मठाच्या चार भिंतींबाहेर गेली नाहीं.

प्रिय वाचकहो, आपल्या ज्युबिलीच्या वर्षींही अनेकांचीं मागणीं वेदीपुढें ठेविलीं जातील, आणि कांहींचें उत्तर लवकर येणार नाहीं. त्या वेळीं रोमहून रडत परतलेल्या या मुलीची आठवण करावी. घरीं येऊन तिनें आधीं हातचें काम उचललें. संत तेरेजे, आमच्या मुलामुलींसाठीं विनंती कर.