खुब्याची वाटी आणि मागाचे चाक

खुब्याचा सांधा झिजल्यामुळे वर्षानुवर्षे लंगडत काढलेला माणूस शस्त्रक्रियेनंतर दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी वॉकर धरून चालतो, हे दृश्य आता सोलापुरातही नवलाचे राहिलेले नाही. नातेवाईक खर्च विचारतात, टाके कधी काढणार हे विचारतात. आत बसवलेली वाटी कोणत्या प्लास्टिकची आहे, हे सहसा कोणी विचारत नाही. पण याच प्रश्नाने सर जॉन चार्नली या इंग्रज शल्यचिकित्सकाची चार वर्षे घेतली आणि त्यांच्या सुमारे ३०० रुग्णांना त्याची किंमत मोजावी लागली.

चार्नली यांचा जन्म २९ ऑगस्ट १९११ रोजी लँकेशायरमधल्या बरी या गिरण्यांच्या गावी झाला. वडिलांचे औषधांचे दुकान होते, आई परिचारिकेचे शिक्षण घेतलेली. मँचेस्टरला वैद्यकीचे शिक्षण झाले. दुसऱ्या महायुद्धात ते लष्कराच्या वैद्यकीय दलात होते. हातात कानस आणि लेथ असेल तर हा माणूस रमायचा. हाडांच्या डॉक्टरला अर्धा सुतार म्हणतात ते काही उगाच नाही.

खुब्याच्या सांध्यात मांडीच्या हाडाचा गोळा कमरेच्या हाडातल्या खोलगट वाटीत फिरतो. त्या काळी पॅरिसच्या ज्यूडे बंधूंनी अ‍ॅक्रिलिकचा कृत्रिम गोळा काढला होता आणि तो अनेक ठिकाणी बसवला जात होता. असा गोळा बसवलेला एक रुग्ण चार्नली यांच्याकडे आला. त्याचा सांधा हालचाल करताना इतका करकरायचा की घरच्यांना जवळ बसवेना. इतरांनी हसण्यावारी नेले असते. चार्नली यांनी त्यातून घर्षणाचा प्रश्न उचलला. निरोगी सांध्यातली कूर्चा बर्फावरच्या बर्फाहूनही गुळगुळीत सरकते, मग तिच्या जागी काय घालायचे?

त्यांनी निवडले टेफ्लॉन. त्या वेळी हाती असलेल्या घन पदार्थांत त्याच्याइतके निसरडे दुसरे नव्हते, आणि रसायनांचा त्याच्यावर परिणाम होत नसे. गोळा पोलादाचा आणि वाटी टेफ्लॉनची. गोळ्याचा व्यासही त्यांनी कमी करत करत अवघ्या २२ मिलिमीटरवर आणला. गोळा जितका लहान, तितका वाटीला जागेवरून हलवणारा पीळ कमी. हा हिशेब पक्का होता आणि तो टिकला.

हे भाग हाडात बसवायचे कशाने? इथे दंतवैद्यक मदतीला आले. मँचेस्टरच्या डेनिस स्मिथ यांनी खोलीच्या तापमानालाच घट्ट होणारे अ‍ॅक्रिलिक रेझिन सुचवले. कवळीच्या कामात वापरतात त्याच जातीचे. भुकटी आणि द्रव एकत्र कालवले की कणकेसारखा गोळा होतो आणि काही मिनिटांत तापून दगडासारखा कडक बनतो. चार्नली ठासून सांगत की हा डिंक नव्हे. फरशीखाली सिमेंट भरतो तसा तो हाडाच्या बारीक खाचांत जाऊन बसतो आणि भार सगळीकडे वाटून देतो. १९५८ पासून त्यांनी हे रेझिन वापरले. आजही जगभरच्या शस्त्रक्रियागृहांत ते कालवले जाते.

टेफ्लॉनने मात्र दगा दिला. सुरुवातीला रुग्ण खुशीत चालत घरी गेले. दोन-तीन वर्षांत परत येऊ लागले. पोलादी गोळा वाटी कोरत आत शिरत होता. त्याहून वाईट म्हणजे झिजलेल्या टेफ्लॉनच्या चुऱ्याला शरीर शत्रू समजून झुंजत होते. सांध्याभोवती पनीरासारखा लगदा साचत होता आणि हाड पोखरले जात होते. निसरडेपणा मोजला होता, झीज पुरेशी मोजली नव्हती. त्या रुग्णांतल्या अनेकांना पुन्हा शस्त्रक्रियेला सामोरे जावे लागले. चार्नली यांनी ते काम दुसऱ्यांवर ढकलले नाही.

१९६२ मध्ये एक विक्रेता राइटिंग्टनच्या रुग्णालयात आला. लँकेशायरच्या मागांसाठी नव्या जर्मन प्लास्टिकची दातेरी चाके विकणारा. यंत्रमागाचा खडखडाट दिवसभर ऐकणाऱ्या सोलापूरकरांना त्या चाकांना काय सोसावे लागते हे वेगळे सांगायला नको. हे होते अतिशय लांब साखळ्यांच्या रेणूंचे पॉलिइथिलीन. टेफ्लॉनइतके निसरडे नाही, म्हणून चार्नली यांना ते फारसे रुचले नाही. पण त्यांचे तंत्रज्ञ हॅरी क्रेव्हन यांनी साहेब परदेशी परिषदेला गेलेले असताना तुकडा झीज मोजण्याच्या यंत्रावर चढवला. तीन आठवडे यंत्र चालले. झीज टेफ्लॉनच्या एका दिवसाच्या झिजेहूनही कमी होती. चाचणी करणाऱ्या क्रेव्हन यांचे नाव या कथेत फार उशिरा घेतले जाते, हे बरे नव्हे.

या वेळी चार्नली घाई करणार नव्हते. टेफ्लॉन आणि पॉलिइथिलीन या दोन्हींचे नमुने त्यांनी स्वतःच्या मांडीत बसवून घेतले. काही महिन्यांनी टेफ्लॉनच्या जागी गाठी फुगून हाताला लागत होत्या, पॉलिइथिलीनच्या जागी काही लागत नव्हते. हा प्रयोग त्यांनी १९६३ मध्ये लॅन्सेट या नियतकालिकात प्रसिद्ध केला. १९६२ च्या नोव्हेंबरपासून नव्या वाट्या बसू लागल्या, पण इतर शल्यचिकित्सकांना त्या सहज मिळत नव्हत्या. ज्याला हव्या, त्याने आधी राइटिंग्टनला येऊन शिकायचे.

मग त्यांनी जंतुसंसर्गाकडे मोर्चा वळवला. गाळलेली हवा वरून खाली सोडणारी काचेची खोली आणि शल्यचिकित्सकाचा श्वास बाहेर ओढून घेणारा पोशाख त्यांनी तयार करवला. शस्त्रक्रियेनंतर पू होण्याचे प्रमाण सुमारे ७ टक्क्यांवरून १ टक्क्याच्याही खाली आले.

१९७४ मध्ये लास्कर पुरस्कार, १९७७ मध्ये सर ही पदवी मिळाली. ५ ऑगस्ट १९८२ रोजी ते गेले. त्यांचे पॉलिइथिलीनही झिजते, त्याच्या चुऱ्यानेही पंधरा-वीस वर्षांत काही सांधे सैल होतात. म्हणून आता किरणांनी रेणू एकमेकांना बांधून त्याला आणखी चिवट करतात. ही झीज मोजता आली त्याचे एक कारण चार्नली यांनीच करून ठेवले होते. मृत्यूनंतर आपला कृत्रिम सांधा रुग्णालयाला परत द्यावा, अशी विनंती ते रुग्णांना जिवंतपणीच करत, आणि अनेकांनी ती मान्य केली. त्या वाट्या राइटिंग्टनला परत आल्या आणि त्यांची जाडी पुन्हा मोजली गेली.