पंगतीबाहेरचा मेघनाद

सूर्याच्या पोटातली ऊर्जा पृथ्वीवर मिळवण्यासाठी दक्षिण फ्रान्समध्ये ‘इटर’ ही महाकाय अणुभट्टी उभी राहत आहे. भारत तिचा भागीदार आहे. तिच्यातील प्लाझ्मा तापवण्यासाठी जायरोट्रॉन नावाच्या नळ्या लागतात. स्वयंपाकघरातला मायक्रोवेव्ह जेमतेम १ किलोवॅटचा. अशी एक नळी १,००० किलोवॅटची. चुंबकक्षेत्रात इलेक्ट्रॉन सेकंदाला अब्जावधी गिरक्या घेतात. त्याच तालाच्या लहरी सोडल्या की ऊर्जा थेट त्यांच्यात शिरते.

जायरोट्रॉन जन्मला १९६० च्या दशकात, सोव्हिएत रशियातील गॉर्की शहरात. पण प्लाझ्माचे गणित मांडणाऱ्यांत एक नाव आपले आहे, डॉ. मेघनाद साहा. ते किती बहुजन घरांत ठाऊक आहे?

६ ऑक्टोबर १८९३ रोजी ढाक्याजवळच्या खेड्यात, एका गरीब किराणा दुकानदाराच्या घरी साहा जन्मले. वर्णव्यवस्थेने त्यांची जात खालची ठरवली होती. शाळेत असताना इंग्रज गव्हर्नरच्या भेटीवर बहिष्कार टाकल्यामुळे त्यांची शिष्यवृत्ती गेली. १९११ साली ते कलकत्त्याच्या प्रेसिडेन्सी कॉलेजात दाखल झाले. तिथल्या हिंदू वसतिगृहात सवर्ण मुलांनी त्यांना पंगतीला बसू दिले नाही.

त्याच साहांनी १९२० साली जगाला एक समीकरण दिले. किती तापमानाला, किती दाबाखाली वायूच्या अणूंतून इलेक्ट्रॉन सुटतात, याचा तो हिशोब होता. त्यामुळे ताऱ्यांचा प्रकाश वाचता आला. पुढे अलाहाबादेत त्यांनी वातावरणाच्या विद्युतभारित थरातून रेडिओलहरी कशा जातात, हे अभ्यासले. प्लाझ्मा आणि लहरी यांचे हेच नाते आज जायरोट्रॉनच्या कामी येते.

साहा प्रयोगशाळेत कोंडून बसले नाहीत. १९४३ च्या दामोदर महापुरानंतरच्या चौकशी समितीत ते होते. आणि दामोदर खोरे योजनेला मजूरमंत्री म्हणून पुढे नेले बाबासाहेबांनी. १९५२ साली साहा लोकसभेत गेले आणि अणुसंशोधनावरील गुप्ततेच्या पडद्याविरुद्ध तिथे बोलले. १६ फेब्रुवारी १९५६ रोजी दिल्लीत त्यांचे निधन झाले. त्याच वर्षी डिसेंबरात बाबासाहेबही गेले.

गुणवत्ता जन्माने येते म्हणणाऱ्यांना साहांचे समीकरण पुरेसे उत्तर आहे. मात्र त्यांचा फोटो भिंतीवर लावून आमचे भागणार नाही. आमच्या वस्तीतली मुलगी भौतिकशास्त्राच्या प्रयोगशाळेपर्यंत पोहोचली पाहिजे, आणि तिथल्या वसतिगृहात तिचे ताट कुणी वेगळे मांडता कामा नये. शिका, हा आदेश आम्ही एवढ्या अर्थाने घेतला पाहिजे.