एक शिक्का राहिला
मास मीडियाला असाल तर वॉल्टर बेंजामिन हे नाव तुम्ही परीक्षेपुरतं का होईना, घोकलं असेल. त्यांच्या कागदपत्रांची गोष्ट मात्र नोट्समध्ये नसते.

१८९२ साली बर्लिनमध्ये जन्मलेले हे ज्यू लेखक हिटलर सत्तेवर आल्यावर पॅरिसला गेले. पुढे जर्मनीने त्यांचं नागरिकत्वच काढून घेतलं. १९४० मध्ये नाझी फ्रान्समध्ये घुसले, तेव्हा बेंजामिननी अमेरिकेचा व्हिसा मिळवला, वाटेतल्या स्पेन-पोर्तुगालचे ट्रान्झिट व्हिसाही. राहिला तो फ्रान्स सोडायचा परवाना, एक्झिट व्हिसा. (आपणही जायचं त्याच देशाचे नियम बघतो ना? निघतो त्या देशाचेही असतात!)

मग चोरवाटेने पिरेनीज पर्वत ओलांडणं आलं. हृदय अधू, सोबत जड बॅग. दहा मिनिटं चालायचं, एक मिनिट थांबायचं. असं करत २६ सप्टेंबरला ते स्पेनमधल्या पोर्टबोला पोचले. तिथे पोलिसांनी सांगितलं, फ्रान्सचा एक्झिट शिक्का नाही, परत जावं लागेल. परत म्हणजे नाझींच्या तावडीत. त्याच रात्री हॉटेलात त्यांनी आयुष्य संपवलं. वय ४८.

सोबतच्या लोकांना नंतर पुढे जाऊ दिलं. बॅगेतलं हस्तलिखित अजूनही सापडलेलं नाही.