पत कोणी द्यायची?

शिक्षा भोगून सुटणाऱ्या माणसाला पोट भरण्याचे साधन हाती असावे, म्हणून कारागृहांत व्यवसायशिक्षण द्यावे, याविषयी आता फारसा मतभेद उरलेला नाही. येरवड्याला आणि नाशिकरोडला बंदिवान सुतारकाम, विणकाम, शिवणकाम शिकतात. त्यांचा माल विकलाही जातो. परंतु हेच हात सुटकेनंतर कामावर घेण्यास कारखानदार तयार होतो काय? लक्ष्मणराव किर्लोस्करांनी या प्रश्नाचे उत्तर कृतीने दिले होते. नांगर, चरक आणि इंजिने यांच्या कीर्तीत त्यांच्या चरित्राची ही बाजू काहीशी झाकली गेली आहे.

लक्ष्मणरावांचा जन्म २० जून १८६९ रोजी बेळगाव जिल्ह्यातील गुर्लहोसूरचा. मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत ते चित्रकला शिकावयास गेले. काही रंग आपणास नीट ओळखता येत नाहीत असे आढळल्यावर ते यांत्रिक रेखांकनाकडे वळले आणि व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये शिक्षक झाले. बढतीच्या वेळी त्यांना डावलून एका अँग्लो-इंडियन गृहस्थास जागा देण्यात आली, तेव्हा नोकरी सोडून ते बेळगावास परतले. थोरले बंधू रामुअण्णा यांच्यासह सायकलींचे दुकान, मग कडबा कापण्याची यंत्रे, मग लोखंडी नांगर. लोखंडाने जमीन नासते अशी शेतकऱ्यांची समजूत होती. पहिले नांगर खपावयास दोन वर्षे लागली. १९१० मध्ये नगरपालिकेने जागाही सोडावयास लावली.

अशा वेळी औंधचे बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी कुंडल रोड स्थानकाजवळील ३२ एकर पडीक माळ आणि १० हजार रुपये बिनव्याजी दिले. अर्थशास्त्राच्या शिक्षकाने येथे क्षणभर थांबावे. जागेवरून उठवलेला एक लहान कारखानदार, एवढीच लक्ष्मणरावांची त्या दिवसांतील स्थिती होती. राजेसाहेबांनी तारणाकडे न पाहता माणूस पाहिला. पाठ्यपुस्तकांत पत हा शब्द बँकांच्या प्रकरणात येतो. वास्तविक त्याची जागा त्याहून बरीच आधी आहे.

निवडुंगाच्या त्या माळावर किर्लोस्करवाडी उभी राहिली. वसाहतीत अस्पृश्यतेला थारा नव्हता. आणि रात्रीच्या राखणीसाठी लक्ष्मणरावांनी जी माणसे नेमली, त्यांत तुरुंगवास भोगून आलेले लोक होते. काम देणे वेगळे आणि हे काम देणे वेगळे. अशा माणसाला खडी फोडावयास लावणे कोणालाही सुचले असते. त्यात धोका नाही. लक्ष्मणरावांनी त्यांच्या हाती झोपलेला सारा गाव सोपविला. हा काळही ध्यानात घ्यावा. १८७१ च्या कायद्याने कित्येक जमाती जन्मतःच गुन्हेगार ठरविल्या होत्या, सोलापुरात त्यांच्या वस्तीला तारेचे कुंपण होते. तो कायदा १९५२ मध्ये रद्द झाला.

अर्थात किर्लोस्करवाडी लहान होती, मालक प्रत्येकाला चेहऱ्याने ओळखत होता. एका उदार माणसाची रीत म्हणजे धोरण नव्हे, हा आक्षेप रास्तच आहे. त्याच औंध संस्थानाने पुढे धोरणाच्या दिशेनेही पाऊल टाकले. पोलिश अभियंता मॉरिस फ्रीडमन यांच्या कल्पनेतून १९३९ मध्ये आटपाडीजवळ स्वतंत्रपूर वसले. गंभीर गुन्ह्यांत शिक्षा झालेल्यांनी तेथे भिंतींवाचून राहावे, कुटुंबासह शेती करावी, अशी ती योजना. व्ही. शांतारामांचा १९५७ चा ‘दो आँखें बारह हाथ’ हा चित्रपट तिच्यावरच बेतलेला आहे. लक्ष्मणराव तो पाहावयास नव्हते. २६ सप्टेंबर १९५६ रोजी ते निवर्तले.

आजचा कारखाना कामगार घेतो तो बहुधा कंत्राटदारामार्फत, आणि पोलीस पडताळणीचा कागद पाहून. त्या कागदावर जुनी शिक्षा दिसली की सुतारकामाचे प्रमाणपत्र कोणी उघडूनही पाहत नाही. व्यवस्थापकाला दोष देण्यात अर्थ नाही. चोरी झाली तर जाब त्यालाच द्यावा लागतो. हा धोका दुसऱ्या कोणी उचलता येतो. अमेरिकेच्या श्रम खात्याने १९६६ पासून अशी सोय केली आहे. सुटलेल्या बंद्यास कामावर घेणाऱ्या मालकाला पहिल्या सहा महिन्यांत त्याच्या अप्रामाणिकपणाने नुकसान झाले, तर ठरावीक रकमेपर्यंत ते भरून मिळते, आणि हमीपत्रासाठी मालकाला काही मोजावे लागत नाही. महाराष्ट्र शासनाने कारागृहात प्रमाणपत्र देतानाच त्याला असे हमीपत्र जोडून द्यावे आणि आरंभ आपल्या महामंडळांच्या कार्यशाळांपासून करावा.