साडेअकरा पौंडांचा विद्यार्थी

श्रीरामपूर तालुक्यातील हरेगाव आपल्या समाजाला नव्याने सांगायला नको. 16 डिसेंबर 1939 रोजी बाबासाहेबांनी तेथे वतनदार महार, मांग व वेठियांच्या परिषदेत वतनी जमिनींवरील वाढीव जुडीविरुद्ध आवाज उठवला. त्याच भागातील एक मुलगी गेल्या वर्षी आमच्याकडे आली. एम.ए.ला प्रवेश मिळालेला, महाडीबीटीवरचा अर्ज मंजूर, पण हप्ता खात्यात नाही आणि कॉलेज म्हणते की फी आधी भरा. तिला धीर द्यायला आम्ही बाबासाहेबांचे नाव घेतले. ती पटकन म्हणाली की त्यांना तर महाराजांनी पैसे दिले होते. हा समज आम्हाला जिल्ह्यात सगळीकडे भेटतो. म्हणून बाबासाहेबांचे शिक्षण या वेळी पैशाच्या बाजूने सांगतो.

1907 साली मॅट्रिक झाल्यावर एल्फिन्स्टन कॉलेजात शिकताना घरची ऐपत संपली. कृष्णराव अर्जुन केळूसकर गुरुजींनी त्यांची सयाजीराव गायकवाडांशी भेट घडवली आणि दरमहा 25 रुपये सुरू झाले. 1912 मध्ये बी.ए. झाले. 1913 च्या जानेवारीत बडोद्याच्या नोकरीत रुजू झाले न झाले तोच 2 फेब्रुवारीला वडील रामजी सुभेदार गेले. त्याच वर्षी जूनमध्ये बडोदे संस्थानाशी करार झाला: परदेशी शिक्षणासाठी तीन वर्षे दरमहा साडेअकरा पौंड, आणि परतल्यावर दहा वर्षे संस्थानाची नोकरी. मदत खरीच होती, तिचे उपकारही खरे. पण ती अटींची मदत होती, आणि तिला मुदत होती.

जुलै 1913 मध्ये ते न्यूयॉर्कला कोलंबिया विद्यापीठात पोहोचले. साडेअकरा पौंडांतून फी, खोली, जेवण, पुस्तके, आणि उरलेच तर रमाईला घरखर्चासाठी. त्या तीन वर्षांत त्यांनी अर्थशास्त्राचे 29 अभ्यासक्रम घेतले, समाजशास्त्राचे 6. (आम्ही समाजशास्त्राचे विद्यार्थी असल्याने हा सहाचा आकडा आम्हाला जरा जास्तच प्रिय आहे.) 1915 मध्ये एम.ए. झाले. 9 मे 1916 रोजी गोल्डनवायझर यांच्या चर्चावर्गात त्यांनी भारतातील जातींवरचा निबंध वाचला, तेव्हा शिष्यवृत्तीचा एकच महिना शिल्लक होता.

तेथून ते लंडनला गेले. ग्रेज इन आणि लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्स, दोन्हीकडे नाव घातले. मुदत संपली होती, बडोद्याच्या दिवाणांनी परत बोलावले. अभ्यास अर्धा टाकून निघावे लागले. मात्र निघण्यापूर्वी त्यांनी चार वर्षांच्या आत परत येऊन अभ्यास पुरा करण्याची विद्यापीठाची परवानगी मिळवून ठेवली. नियम वाचून, विचारून, परवानगी हातात घेऊन निघणे, ही गोष्ट आम्ही आमच्या मुलांना आवर्जून सांगतो. पोरे बहुधा रुसून कॉलेज सोडतात आणि नाव कायम ठेवायचे राहून जाते.

ऑगस्ट 1917 मध्ये ते मुंबईला पोहोचले, पण त्यांच्या पुस्तकांचे जहाज महायुद्धात पाणतीराने बुडाले होते. बुडालेल्या सामानाची भरपाई मिळाली, तिच्यातूनच बडोद्याच्या प्रवासाचा खर्च निघाला. करार पाळायला गेलेल्या या माणसाला तेथे राहायला घर मिळेना. पारशी सराईतून काठ्या घेऊन आलेल्यांनी बाहेर काढले आणि दहा वर्षांची नोकरी काही दिवसांतच संपली. करार मोडला तो कोणी, हे वाचकांनी ठरवावे.

पुढे 1918 पासून सिडनहॅम कॉलेजात 450 रुपयांवर प्राध्यापकी केली, काटकसरीने पैसे साठवले. छत्रपती शाहू महाराजांनी मदत केली, पारशी मित्र नवल भथेनांनी कर्ज दिले. परवानगीची चार वर्षे संपायच्या आत, 1920 मध्ये, ते पुन्हा लंडनला होते. सकाळपासून ब्रिटिश म्युझियमचे ग्रंथालय, रात्री खोलीवर भाजलेले पापड. 1921 ला एम.एस्सी. रुपयाच्या प्रश्नावरचा डी.एस्सी.चा प्रबंध परीक्षकांनी दुरुस्तीसाठी परत दिला, तोवर गाठचा पैसा संपला होता. दुरुस्ती मुंबईत बसून केली आणि 1923 मध्ये पदवी मिळाली.

कोलंबियाची गोष्ट तर याहून वेगळी. प्रबंध मान्य झाला तरी त्याच्या छापील प्रती दाखल केल्याशिवाय पीएच.डी. मिळत नसे. छपाईचा खर्च विद्यार्थ्याचा. प्रांतिक वित्तव्यवस्थेवरचा तो ग्रंथ 1925 मध्ये निघाला आणि पदवी पदरात पडली 1927 मध्ये, म्हणजे न्यूयॉर्क सोडल्यानंतर अकरा वर्षांनी. तो ग्रंथ त्यांनी सयाजीरावांना कृतज्ञतेने अर्पण केला.

महाराज, गुरुजी, मित्र अशा चांगल्या माणसांवर शिक्षण अवलंबून राहिले की काय होते, हे त्यांनी स्वतः भोगले होते. म्हणून 1942 मध्ये व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात जाताच, ऑक्टोबरमध्ये त्यांनी लिनलिथगो यांना निवेदन दिले. अलीगढ आणि बनारस विद्यापीठांना सरकार दरवर्षी तीन-तीन लाख देते, मग अस्पृश्य विद्यार्थ्यांसाठी का नाही, असा त्यांचा रोखठोक हिशेब होता. देशातील उच्च शिक्षणासाठी आणि परदेशासाठी, दोन्हीकरिता त्यांनी रक्कम मागितली. 1944 पासून वर्षाला तीन लाखांची तरतूद झाली. आज आपली मुले ज्या मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीचा अर्ज भरतात, तिचा उगम तोच. 1946 ला सिद्धार्थ कॉलेज काढताना वर्ग सकाळचे ठेवले, कारण विद्यार्थी दिवसा नोकरीवर जाणारे होते.

हे सारे ऐकल्यावर त्या मुलीने एकच विचारले: चार वर्षांची परवानगी बाबासाहेबांनी मागितली होती, की विद्यापीठाने आपणहून दिली? मागितली होती, असे आम्ही सांगितले. दुसऱ्या दिवशी तिने प्राचार्यांच्या नावे फी भरायला मुदत मागणारा अर्ज लिहिला, मंजुरीची प्रत जोडली आणि पोहोच घेतली. हप्ता अजून आलेला नाही, पण तिचे नाव हजेरीपटावर आहे.